मॅरी फुलली की द्राक्षं वाचतात

डॉ. टॉम कलिटी हे पर्थचे हृदयरोगतज्ज्ञ. १९६७ साली त्यांनी शहराच्या दक्षिणेला, समुद्राजवळ द्राक्षवेली लावल्या. सुट्टीच्या दिवशी गाडी हाणत मळ्यावर जायचं आणि सोमवारी पुन्हा रुग्णांत, असा त्यांचा क्रम. १९७१ साली पहिला माल धरला आणि तो जवळपास सगळा पाखरांनी आणि घडकुजीने गिळला. पाखरं हाकायला डॉक्टरांनी बहिरी ससाणा आणवला. तो पहिल्याच भरारीत शेजारच्या झाडीत गेला आणि परत फिरकला नाही. मळ्याच्या लेबलावर मात्र कायमचा जाऊन बसला. मळ्याचं नाव व्हास फेलिक्स. १८०१ मध्ये इथल्या लाटांत बेपत्ता झालेल्या व्हास नावाच्या फ्रेंच खलाशावरून ते पडलं.

पश्चिम ऑस्ट्रेलियातल्या मार्गारेट रिव्हर या वाइनच्या मुलखाची ही सुरुवात. नकाशावर ऑस्ट्रेलियाचा खालचा डावा कोपरा पाहा. उत्तरेला केप नॅचुरलिस्ट, दक्षिणेला केप लुइन, मध्ये सुमारे शंभर किलोमीटरचा पट्टा. तीन बाजूंनी समुद्र, त्यामुळे ना हाडं गोठवणारा हिवाळा ना भाजून काढणारा उन्हाळा. पाऊस हिवाळ्यात पडतो आणि द्राक्षं पिकताना आभाळ कोरडं असतं. डॉ. जॉन ग्लॅडस्टोन्स या कृषिशास्त्रज्ञाने १९६५-६६ मध्ये हवामानाचे आकडे मांडून सांगितलं, की हा भाग फ्रान्समधल्या बोर्दोच्या जवळ जाणारा आहे. जमीन कशी निवडायची, याचीही खूण त्याने दिली: लोहयुक्त खडीची माती, आणि तिच्यावर उभी असलेली मॅरीची झाडं.

त्याआधी इथे गाईगुरं आणि कष्ट होते. पहिल्या महायुद्धानंतर ब्रिटनमधून आणलेल्या कुटुंबांना दुग्धव्यवसायासाठी जंगल तोडून जमिनी दिल्या गेल्या. त्यातली कितीतरी कुटुंबं हात टेकून निघून गेली. द्राक्षं आणली ती शेतकऱ्यांनी नव्हे, डॉक्टरांनी. मॉस वुड मळ्याचे बिल पॅनेल डॉक्टर, कलन मळ्याचे केव्हिन कलनही डॉक्टर. १९८३ आणि १९८४, अशी लागोपाठ दोन वर्षं इथल्याच केप मेंटेल मळ्याच्या कॅबर्ने वाइनने ऑस्ट्रेलियातली मानाची जिमी वॉटसन ट्रॉफी पटकावली आणि या कोपऱ्याकडे सगळ्यांचं लक्ष गेलं. आजही देशाच्या एकूण वाइनमध्ये मार्गारेट रिव्हरचा वाटा किरकोळ आहे, पण उंची बाटल्यांत तिचं नाव पहिल्या रांगेत असतं.

आम्ही मित्रमंडळी तिथे गेलो ती मार्चमध्ये. तिकडे तेव्हा शरद ऋतू असतो आणि तोडणीचा हंगाम. आमच्यातला एक निफाडकडचा, घरची द्राक्षबाग असलेला. बाकीचे ग्लास फिरवून वास घेत होते, तेव्हा हा पठ्ठ्या मालकाची परवानगी काढून वेलींच्या रांगेत उकिडवा बसला. एक घड तळहातावर घेऊन म्हणाला, "हे बघ, एकाच घडात मोठे मणी आणि ज्वारीएवढे मणी. आमच्याकडे असा माल आला तर व्यापारी हात लावणार नाही." इथल्या शार्डने वाइनचं नाव झालं ते अशा घडांच्या जोरावर. शार्डने द्राक्षाच्या जिनजिन नावाच्या उपवाणात फलधारणा एकसारखी होत नाही. बारीक मण्यांत रसाच्या मानाने साल जास्त, म्हणून चव दाट उतरते. मग तो तारांकडे, खोडाकडे बघत राहिला. "यांची वेल थंडीत झोपते, म्हणून एकच छाटणी. आपली झोपतच नाही, म्हणून एप्रिलात आणि ऑक्टोबरात दोनदा कात्री." काही जुन्या मळ्यांत ठिबकही नाही, निव्वळ पावसाच्या पाण्यावर वेली उभ्या आहेत, हे कळल्यावर मात्र त्याला घटकाभर बोलणं सुचेना.

मळ्यांवर पांढऱ्या जाळ्या पसरलेल्या होत्या. घड खाणारं पाखरू म्हणजे सिल्व्हरआय, आपल्या चष्मेवाल्याचा सख्खा भाऊबंद. डोळ्याभोवती तसंच पांढरं कडं. माळ्यावर उभं राहून गोफण फिरवणाऱ्या आपल्या राखणदाराला हे दुखणं लगेच कळेल. पण इथे राखणीला आणखी एक गडी आहे, तो म्हणजे मॅरी. हे युकॅलिप्टसच्या गोतातलं झाड द्राक्षं पिकण्याच्या सुमारास, फेब्रुवारी-मार्चमध्ये फुलतं. एखाद्या वर्षी फुलोरा भरघोस असला की पाखरं मधावर तुटून पडतात आणि द्राक्षं सुटतात. फुलोरा चुकला की सगळा थवा मळ्यावर. मळेवाले रसातली साखर मोजतात, तसे या दिवसांत झाडांच्या शेंड्यांकडेही बघत असतात. जंगल आणि मळा या दोन वेगळ्या सहली नाहीत, हे मला तिथे पटलं.

मॅरीची फळं म्हणजे लाकडी सुगडं. वाटेवर कुरतडलेली फळं पडलेली दिसतात. बॉडिन्स कॉकाटू या काळ्या काकाकुव्याची वरची चोच लांब आणि निमुळती असते. फळ न फोडता तो चोच आत घालून बी ओढून काढतो. व्हास ज्या मोहिमेत होता तिचा कप्तान बॉडिन. मळ्याला बुडालेल्या खलाशाचं नाव मिळालं, पाखराला कप्तानाचं.

केव्ह्ज रोडने दक्षिणेला निघालं, की एका वळणावर द्राक्षं संपतात आणि बोरनपचं कॅरीचं जंगल सुरू होतं. पांढुरकी, गुळगुळीत, साठेक मीटर सरळ वर गेलेली खोडं. शरदात साल सुटून राखाडी, गुलाबी, भगव्या छटा दिसतात. बघणाऱ्याला वाटतं, हे आदिम अरण्य. तसं ते नाही. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस एम. सी. डेव्हिस या लाकूड-व्यापाऱ्याने हा भाग जवळजवळ साफ केला होता. हॅमेलिन बेच्या धक्क्यावरून इथलं लाकूड जहाजांत चढायचं. लंडनच्या रस्त्यांवर त्याचे ठोकळे अंथरले गेले. आज दिसतं ते त्यानंतर आपसूक उगवलेलं रान, वय शंभराच्या थोडं पुढे.

खरी म्हातारी झाडं पाहायची तर पूर्वेला पेंबर्टन आणि पुढे वॉलपोलपर्यंत जायला हवं. बहुतेक पर्यटक इथेच माघार घेतात. दोन-तीन मळे करून पर्थला पळतात. पेंबर्टनजवळच्या ग्लॉस्टर ट्रीवर ५३ मीटर उंचीवर वणवा टेहळायचा मचाण आहे. खोडात ठोकलेल्या खुंट्यांवरून वर जायचं. देखभालीसाठी चढाई बंद असते तेव्हा खालून मान दुखेपर्यंत बघावं लागतं. वॉलपोलजवळच्या व्हॅली ऑफ द जायंट्समध्ये टिंगलची झाडं आहेत. बुंधे वणव्यांनी पोकळ झालेले, तरी झाड जिवंत. अशाच एका पोकळीत लोक मोटारी घालून फोटो काढायचे. चाकांनी आणि पावलांनी माती दबून उथळ मुळं गुदमरली आणि १९९० मध्ये ते झाड कोसळलं. त्यातून धडा घेऊन १९९६ मध्ये जमिनीपासून चाळीस मीटर उंचीपर्यंत जाणारा, सहाशे मीटर लांबीचा पोलादी पूल बांधला. तो चालताना हलतो, आणि तसाच बांधलेला आहे. आमच्यातली उंचीला घाबरणारी मैत्रीण कठड्याला घट्ट धरून, पायाखालच्या जाळीकडे न बघता, शेवटपर्यंत गेली आणि सगळ्यांत मोठ्याने तिनेच शेखी मिरवली.

२०२४ च्या १ जानेवारीपासून पश्चिम ऑस्ट्रेलियाने नैसर्गिक जंगलातली व्यापारी तोड थांबवली. निर्णय उशिरा आला, पण आला. मात्र त्याच उन्हाळ्याच्या कोरडेपणात नैर्ऋत्येच्या जंगलांचे पट्टेच्या पट्टे तपकिरी पडले, त्यात मॅरीही होती. कुऱ्हाड थांबवणं हातात होतं, पाऊस आणणं नाही. मळेवाल्यांच्याही पोटात गोळा आणणारी ही गोष्ट आहे.

जाणाऱ्यांसाठी थोडं कामाचं. पर्थ आपल्यापेक्षा अडीच तासच पुढे, त्यामुळे झोपेचं खोबरं होत नाही. गाड्या डावीकडूनच चालतात. दारू पिऊन गाडी चालवण्याबाबत कायदा कडक आहे. दर दिवशी एकाने ग्लासला हात लावायचा नाही, हे आधीच ठरवा, नाहीतर मळे दाखवणारी बस घ्या. सूर्य मावळल्यावर रस्त्यावर कांगारू येतात, तेव्हा मुक्काम उजेडात गाठा. चटणी, लोणचं, लाडू, जे काही नेत असाल ते विमानतळावरच्या अर्जात जाहीर करा. लपवलेल्या खाऊचा दंड महाग पडतो. जंगलाच्या तोंडाशी बूट घासायचे ब्रश ठेवलेले असतात. मातीतून पसरणाऱ्या बुरशीसारख्या रोगाने इथली झाडं मरतात, म्हणून ते वापरा. वेळ कमी असेल तर मळे कमी करा, वॉलपोल नको. वाइन पुण्या-मुंबईच्या दुकानातही मिळेल, टिंगल मिळणार नाही.