व्यवसाय पुरस्कारांची विश्वासार्हता

व्यवसाय पुरस्कार किंवा उद्योग पुरस्कार म्हणजे एखाद्या कारखान्याला, व्यापारी आस्थापनेला, सेवासंस्थेला किंवा उद्योजकाला त्याच्या कामगिरीबद्दल दुसऱ्या संस्थेने दिलेला जाहीर बहुमान होय. शासन, उद्योजकांच्या संघटना, वृत्तपत्रे, मोठे खरेदीदार उद्योग तसेच केवळ पुरस्कार देण्याचाच व्यवसाय करणाऱ्या कंपन्या असे पुरस्कार देतात. पुरस्काराची रक्कम किंवा सोहळ्याचा थाट यांवरून त्याचे मूल्य कळत नाही. निकष कोणी ठरवले, अर्जातील दाव्यांची तपासणी कोणी व कशी केली आणि अर्जदार नापास होण्याची खरी शक्यता होती का, या तीन प्रश्नांच्या उत्तरांवर ते अवलंबून असते. प्रस्तुत लेखात या प्रश्नांचा विचार महाराष्ट्रातील, आणि त्यातही रायगड जिल्ह्याच्या कर्जत व खालापूर तालुक्यांतील परिस्थितीच्या संदर्भात केला आहे.

पार्श्वभूमी

औद्योगिक मालाला पदके देण्याची आधुनिक प्रथा १८५१ च्या लंडन येथील महाप्रदर्शनापासून रूढ झाली. प्रदर्शनात मिळालेल्या पदकाचे चित्र मालाच्या वेष्टनावर छापले की विक्री वाढते, हे उत्पादकांच्या लवकरच लक्षात आले आणि पदक न मिळालेल्यांनीही ते छापण्यास सुरुवात केली. १८५१ व १८६२ च्या प्रदर्शनांतील पदकांविषयी खोटे दावे रोखण्यासाठी ब्रिटिश संसदेला १८६३ मध्ये स्वतंत्र कायदा करावा लागला. पुरस्काराच्या विश्वासार्हतेचा प्रश्न पुरस्काराइतकाच जुना आहे, तो असा.

विसाव्या शतकात यापेक्षा कठोर पद्धत पुढे आली. जपानमधील शास्त्रज्ञ व अभियंत्यांच्या संघटनेने १९५१ मध्ये डेमिंग पारितोषिक सुरू केले. अमेरिकी संख्याशास्त्रज्ञ विल्यम एडवर्ड्‌स डेमिंग यांनी आपल्या व्याख्यानांच्या पुस्तकाचे मानधन संघटनेला दिले होते. त्यातून या पारितोषिकाचा पाया घातला गेला. अमेरिकेत १९८७ मध्ये माल्कम बाल्ड्रिज राष्ट्रीय गुणवत्ता पुरस्कार कायद्याने स्थापन झाला. भारतीय मानक ब्यूरोने १९९१ मध्ये राजीव गांधी राष्ट्रीय गुणवत्ता पुरस्कार सुरू केला. महाराष्ट्र शासनाचा 'उद्योगरत्न' पुरस्कार मात्र अगदी अलीकडचा आहे. २०२३ मध्ये तो प्रथम रतन टाटा यांना देण्यात आला आणि त्याच वर्षी सह्याद्री फार्म्सचे विलास शिंदे यांना उत्कृष्ट मराठी उद्योजक म्हणून गौरवण्यात आले.

पुरस्कार आणि सत्कार

मराठी व्यवहारात 'पुरस्कार' हा एकच शब्द दोन भिन्न गोष्टींसाठी वापरला जातो, आणि बराचसा गोंधळ तेथूनच सुरू होतो. पहिली गोष्ट म्हणजे मूल्यमापन: ठरलेल्या निकषांवर अर्जदारांची तुलना किंवा परीक्षा होऊन निकाल लागतो. दुसरी म्हणजे सत्कार. एखाद्या साप्ताहिकाच्या वर्धापनदिनी, ज्ञातिसंस्थेच्या मेळाव्यात किंवा सार्वजनिक उत्सवात गावातील व्यावसायिकाला शाल, श्रीफळ व स्मृतिचिन्ह दिले जाते. दुष्काळात उधारीवर धान्य देणारा दुकानदार किंवा गावातील मुलांना काम शिकवणारा गॅरेजवाला सत्काराला पात्र असतोच आणि त्यासाठी लेखापरीक्षणाची आवश्यकता नाही. अडचण येते ती सत्कारालाच 'उद्योगभूषण' किंवा 'उद्योगरत्न' असे नाव देऊन नंतर ते गुणवत्तेचे प्रमाण म्हणून फलकावर व पत्रिकेवर छापले जाते तेव्हा. शासनाचा पुरस्कार आणि एखाद्या खासगी संस्थेचा पुरस्कार यांची नावे सारखी असू शकतात. केवळ नावावरून वाचकाला फरक कळण्याचा मार्ग नाही.

मूल्य कशामुळे निर्माण होते

ग्राहकाला माल किंवा सेवा घेण्यापूर्वी तिची गुणवत्ता तपासता येत नसेल, तेव्हा पुरस्काराला आर्थिक अर्थ प्राप्त होतो. भाजी हाताळून घेता येते. औषध, बांधकाम, शिकवणी वर्ग किंवा दूरच्या गावातील निवासव्यवस्था तशी घेता येत नाही. अशा वेळी जाणकार त्रयस्थाने आधी तपासणी केली आहे, एवढी माहिती पुरस्कार देतो. ज्या पुरस्कारामागे तपासणीच नाही, तो अशी कोणतीही माहिती देत नाही.

डेमिंग पारितोषिकात परीक्षक प्रत्यक्ष कारखान्यात येऊन कामकाजाची छाननी करतात. विजेत्यांची संख्या ठरलेली नसते. जो कसोटीला उतरेल त्याला पारितोषिक मिळते. महिंद्रा अँड महिंद्राच्या शेती उपकरणे विभागाला ते २००३ मध्ये मिळाले आणि ते मिळवणारा तो जगातील पहिला ट्रॅक्टर उत्पादक ठरला. टाटा समूहाने १९९५ मध्ये बाल्ड्रिजच्या धर्तीवर जे. आर. डी. टाटा यांच्या नावाने अंतर्गत गुणवत्ता पुरस्कार सुरू केला. १००० पैकी ६०० गुणांची अट पूर्ण करून त्याची पहिली मानकरी ठरलेली टाटा स्टील २००० मध्ये पुढे आली. पात्र कोणी नसल्यास पुरस्कार न देण्याची तयारी हे देणाऱ्या संस्थेच्या गांभीर्याचे चांगले लक्षण मानता येते.

पुरस्कारांचा प्रत्यक्ष परिणाम काय होतो, याविषयी दोन अभ्यास वारंवार उद्धृत केले जातात. केव्हिन हेंड्रिक्स व विनोद सिंघल यांनी १९९७ मध्ये गुणवत्ता पुरस्कार मिळवणाऱ्या कंपन्यांची तुलना तशाच इतर कंपन्यांशी केली, तेव्हा विजेत्यांच्या कामकाजातील नफ्याची वाढ सरस आढळली. याउलट उल्रिके माल्मेंडियर व जेफ्री टेट यांच्या २००९ च्या अभ्यासात, नियतकालिकांनी 'सर्वोत्तम मुख्याधिकारी' म्हणून गौरवलेल्या व्यक्तींच्या कंपन्यांची कामगिरी त्यानंतर घसरल्याचे दिसले. त्या अधिकाऱ्यांचे वेतन मात्र वाढले. हे निष्कर्ष वरवर परस्परविरोधी वाटतात, परंतु पहिल्या अभ्यासातील पुरस्कार कार्यपद्धतीची तपासणी करून दिलेले होते आणि दुसऱ्यातील व्यक्तीच्या प्रसिद्धीवर आधारलेले, हे लक्षात घेतल्यास विरोध फारसा उरत नाही.

फसलेले पुरस्कार

नामांकित संस्थांचे निर्णयही चुकतात. हैदराबादच्या सत्यम कॉम्प्युटर सर्व्हिसेस या कंपनीला सप्टेंबर २००८ मध्ये उत्तम कंपनी सुशासनाबद्दल 'गोल्डन पीकॉक' जागतिक पुरस्कार जाहीर झाला. ७ जानेवारी २००९ रोजी अध्यक्ष रामलिंग राजू यांनी हिशेबातील प्रचंड अफरातफरीची लेखी कबुली दिली आणि पुरस्कार काढून घेण्यात आला. परीक्षकांनी कागदोपत्री पाहिलेली सुशासनाची रचना व्यवस्थित होती. आकडेच खोटे होते.

कोकणाला अधिक परिचित असलेले उदाहरण एन्रॉनचे आहे. रत्नागिरी जिल्ह्यातील गुहागर तालुक्यात दाभोळ वीजप्रकल्प उभारणाऱ्या या अमेरिकी कंपनीला 'फॉर्च्यून' नियतकालिकाने सलग सहा वर्षे अमेरिकेतील सर्वांत नवकल्पक कंपनी ठरवले होते. डिसेंबर २००१ मध्ये तिने दिवाळखोरी जाहीर केली. नियतकालिकाची निवड उद्योगक्षेत्रातील अधिकारी व विश्लेषकांच्या मतनोंदणीवर आधारित होती. मतनोंदणी कीर्ती मोजते, ताळेबंद तपासत नाही. प्रकल्पाच्या विजेच्या दरावर महाराष्ट्रात वर्षानुवर्षे वाद चालू असतानाच हा बहुमान दिला जात होता, हेही नोंदवण्यासारखे आहे.

शुल्क घेऊन दिले जाणारे पुरस्कार

अलीकडे व्यावसायिकाला फोन किंवा ई-मेल येतो: आपली निवड झाली आहे. अर्ज केलेला नसतो. पुढे नोंदणी शुल्क, सोहळ्यातील आसने, स्मृतिचिन्ह, विशेषांकातील पान आणि चित्रपट कलावंताच्या हस्ते पुरस्कार स्वीकारतानाचे छायाचित्र यांचे एकत्रित दरपत्रक येते. विभाग इतके बारीक केलेले असतात की प्रत्येकाला स्वतंत्र विभागात पहिला क्रमांक देता येतो, आणि एकाच दिवशी एकाच सभागृहात 'सर्वोत्तम' ठरलेल्यांची रांग लागते. पैसे न भरल्यास निवड आपोआप दुसऱ्याकडे जाते. आयोजकाचे उत्पन्न विजेत्यांकडूनच येत असल्याने कोणालाही नाकारण्यात त्याचा तोटा असतो. अशा व्यवहाराला पुरस्कार म्हणण्यापेक्षा जाहिरातीची खरेदी म्हणणे अधिक अचूक ठरेल.

तथापि, शुल्क घेतले म्हणून पुरस्कार खोटा ठरत नाही. डेमिंग पारितोषिकाच्या परीक्षणाचा खर्चही अर्जदारच सोसतो. शुल्क परीक्षणासाठी घेतले की निकालासाठी, हा खरा भेद आहे. परीक्षणाचे शुल्क हरणाऱ्यालाही भरावे लागते. निकालाचे शुल्क फक्त जिंकणाऱ्याकडून घेतले जाते.

कर्जत व खालापूर तालुक्यांतील स्थिती

मुंबई, ठाणे व पुणे यांच्या मधोमध असलेल्या या दोन तालुक्यांत पुरस्कारांकडे पाहण्याच्या तीन वेगवेगळ्या तऱ्हा आढळतात, कारण येथे कारखाने, पर्यटन आणि भातशेती शेजारी शेजारी आहेत.

खालापूर तालुक्यातील खोपोलीची औद्योगिक ओळख १९१५ मध्ये सुरू झालेल्या टाटांच्या जलविद्युत केंद्रापासूनची. पुढे तेथे पोलाद, कागद व रसायनांचे कारखाने आले. मोठ्या कंपनीला सुटे भाग पुरवणाऱ्या लघुउद्योगाच्या दृष्टीने सर्वांत उपयुक्त बहुमान बहुधा खरेदीदार कंपनीने दिलेला उत्तम पुरवठादाराचा असतो. किती माल नाकारला गेला, किती वेळा पुरवठा उशिरा झाला, याची नोंद खरेदीदाराकडे वर्षभराची असते. हा पुरस्कार संकुचित असला तरी खरा असतो. शासकीय पातळीवर जिल्हा उद्योग केंद्र लघुउद्योगांसाठी जिल्हा पुरस्कार देते. रायगडचे केंद्र अलिबागला आहे. पुरस्काराची रक्कम अल्प असून प्रथम क्रमांकास १५ हजार आणि द्वितीय क्रमांकास १० हजार रुपये दिले जातात. परंतु केंद्राकडील नोंदणी, सलग उत्पादन आणि कर्जाची थकबाकी नसणे अशा तपासता येणाऱ्या अटी असल्याने त्याला वजन आहे.

कारखान्यांच्या बाबतीत सर्वांत गंभीर प्रश्न सुरक्षा पुरस्कारांचा आहे. केंद्रीय श्रम मंत्रालयाचे राष्ट्रीय सुरक्षा पुरस्कार १९६५ पासून दिले जातात. राष्ट्रीय सुरक्षा परिषदही अशा स्पर्धा घेते. अपघातांचे प्रमाण किंवा अपघाताविना गेलेला काळ हा अशा स्पर्धांचा स्वाभाविक निकष असतो, आणि त्यासाठीचे आकडे कारखान्याच्याच नोंदवहीतून येतात. पुरस्काराची आस लागली की किरकोळ दुखापत नोंदवू नये, जखमी कामगाराला रजेऐवजी बसून करण्याचे काम द्यावे, कंत्राटी कामगाराचा अपघात ठेकेदाराच्या खाती टाकावा, असे मोह निर्माण होतात. नोंद न झालेल्या दुखापतीतून यंत्राचा दोष कळत नाही आणि पुढचा अपघात तेथेच होतो. केवळ अपघातांची संख्या न पाहता थोडक्यात टळलेल्या अपघातांची नोंद व त्यांवरील उपाय यांना गुण देणारे पुरस्कार म्हणूनच अधिक भरवशाचे समजले जातात. प्रवेशद्वारावरच्या ढालीपेक्षा आतील नोंदवही कामगाराच्या जिवाशी अधिक जवळून निगडित आहे.

पर्यटनाचे चित्र निराळे आहे. बालदिगंबर गणेश मंदिरामुळे परिचित असलेले कडाव, नेरळ आणि आसपासच्या गावांत शेतघरे, रिसॉर्ट व कृषी पर्यटन केंद्रे यांची दाटी झाली आहे. नेरळचे सगुणा बाग हे या क्षेत्रातील जुने नाव. शनिवार-रविवारी येणारा पाहुणा जागा न पाहता आगाऊ पैसे भरतो, त्यामुळे विकत घेतलेल्या पुरस्काराला येथे गिऱ्हाईक आहे. संकेतस्थळांचे वार्षिक मानपत्र पाहुण्यांच्या अभिप्रायांवर आधारलेले असते; ते खोट्या अभिप्रायांपासून मुक्त नसले तरी वाईट अभिप्राय तेथे सर्वांना वाचता येतात. महाराष्ट्राच्या २०२० च्या कृषी पर्यटन धोरणानुसार मिळणारे नोंदणी प्रमाणपत्र ही आणखी वेगळी गोष्ट आहे. ते किमान अटींची पूर्तता दाखवते, श्रेष्ठत्व नव्हे, आणि ते पुरस्कार म्हणून मिरवणे चुकीचे होय.

तपासणीचा उत्तम नमुना मात्र याच परिसरातील भातखाचरांत पाहायला मिळतो. राज्याच्या कृषी विभागाच्या पीक स्पर्धेत भातासाठी किमान २० गुंठे सलग क्षेत्र लागते. प्रवेश शुल्क सर्वसाधारण गटास ३०० व आदिवासी गटास १५० रुपये असते. ठाकर व कातकरी वस्ती असलेल्या कर्जत-खालापुरात ही सवलत महत्त्वाची आहे. सातबारा व आठ-अ उतारे जोडावे लागतात. पुढे समितीच्या समोर पिकाची कापणी करून उत्पादन वजनाने मोजले जाते आणि तालुक्याच्या सरासरीच्या किमान दीडपट उतारा आल्यासच शेतकरी बक्षिसास पात्र ठरतो. तालुका पातळीवरील पहिले बक्षीस ५ हजार रुपयांचे आहे. शुल्क भरूनही वजन कमी भरले तर बक्षीस नाही, आणि हे वजन शेजारच्या बांधावरचा शेतकरीही पाहत असतो.

कायदा व नियमन

भारतात खासगी पुरस्कार देण्यासाठी कोणताही परवाना लागत नाही. नियंत्रण आहे ते पुरस्काराच्या जाहिरातीतील वापरावर. भारतीय जाहिरात मानक परिषद ही मुंबईत १९८५ मध्ये स्थापन झालेली स्वयंनियामक संस्था आहे. जाहिरातींतील पुरस्कार व क्रमवारी यांच्या उल्लेखांसाठी तिने २०२० पासून मार्गदर्शक सूचना लागू केल्या. पुरस्कार देणारी संस्था जाहिरातदारापासून स्वतंत्र असावी, निवडपद्धती भक्कम असावी आणि संस्थेचे नाव व वर्ष जाहिरातीत दिसावे, अशी अपेक्षा त्यांत आहे. वर्षाची अट क्षुल्लक भासते. पण दहा वर्षांपूर्वीचा बहुमान आजचा म्हणून दाखवण्याची चाल फार प्रचलित असल्याने तिची गरज पडली.

ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीबद्दल केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरण १० लाख रुपयांपर्यंत आणि पुन्हा तसे केल्यास ५० लाख रुपयांपर्यंत दंड करू शकते. शासनाचा आश्रय असल्याचा आभास निर्माण करणारी नावे व चिन्हे व्यावसायिक कारणासाठी वापरण्यावर १९५० च्या बोधचिन्हे व नावे कायद्याने निर्बंध आहेत. त्यामुळे राजमुद्रेसारखे चिन्ह छापलेले खासगी मानपत्र स्वीकारणाऱ्या व्यावसायिकाने ते दुकानात लावण्यापूर्वी देणाऱ्या संस्थेची नोंदणी, परीक्षकांची नावे आणि मागील वर्षाचा प्रसिद्ध निकाल मागून घेणे इष्ट असते.