लांबचा रस्ता, लवकरचा मुक्काम

ध्रुवावरून जाणाऱ्या मार्गाबद्दल या आठवड्यात लिहायचं कबूल केलं होतं; पण ध्रुव काही कुठे पळून जात नाही. एका वाचकांचा प्रश्नच असा आलाय की तो आधी घ्यायला हवा. त्यांची मुलगी सॅन फ्रान्सिस्कोला असते. गेल्या वेळी सांगितल्याप्रमाणे सर्वांत जवळची वाट शोधायला त्यांनी पृथ्वीगोलावर दोरा ताणला, तर दिल्लीपासूनचं अंतर सुमारे १२,४०० किलोमीटर भरलं. मग एअर इंडियाच्या दिल्ली-सॅन फ्रान्सिस्को विमानाने २०१६ मध्ये १५,३०० किलोमीटरचा वळसा का घेतला?

वेळ वाचवायला! आधी हे विमान युरोप, अटलांटिक असं पश्चिमेकडून जायचं. ती वाट सुमारे १३,९०० किलोमीटरची, वेळ साडेसोळा तासांच्या आसपास. त्या ऑक्टोबरात ते चीन, जपान, पॅसिफिक असं पूर्वेकडून निघालं. अंतर १,४०० किलोमीटरने वाढलं आणि वेळ साडेचौदा तासांवर आला. भागाकार करून पाहा: जुन्या वाटेवर सरासरी ताशी ८४० किलोमीटर, नव्या वाटेवर १,०५५. विमान तेच, बोइंग ७७७. हवेतला त्याचा वेगही दोन्हीकडे ९०० च्या आतबाहेर. वरचे दीडशे वाऱ्याने दिले.

इथे हमखास कुणीतरी म्हणतं, पृथ्वी फिरते म्हणून असं होतं. पण पृथ्वी पूर्वेकडे फिरते. विमानाखालून ती सरकत असती, तर पश्चिमेकडचा प्रवासच लवकर संपायला हवा होता! धावत्या गाडीच्या डब्यात उडी मारली तर आपण मागच्या डब्यात पडत नाही. हवाही तशीच पृथ्वीसोबत फिरते. पृथ्वीच्या फिरण्याचा हात आहे तो वेगळ्या ठिकाणी. विषुववृत्ताकडची हवा उष्ण, ध्रुवाकडची थंड. या तफावतीमुळे वरच्या थरात हवा ध्रुवाकडे निघते आणि पृथ्वीच्या फिरण्यामुळे पूर्वेकडे वळते. नऊ ते बारा किलोमीटर उंचीवर त्याचा अरुंद, वेगवान झोत होतो. त्याला म्हणतात जेट स्ट्रीम.

आता माझा आवडता माणूस. १९२० च्या दशकात जपानमधल्या तातेनो वेधशाळेचे प्रमुख वासाबुरो ओइशी फुगे सोडून दुर्बिणीने त्यांचा माग काढत. वर गेलेला फुगा पूर्वेकडे सुसाट पळे. जगाला कळावं म्हणून त्यांनी १९२६ मध्ये अहवाल छापला, तो एस्परांतो या मुद्दाम घडवलेल्या जागतिक भाषेत! जगाने तो वाचलाच नाही. १९४४ च्या नोव्हेंबरात अमेरिकेची बी-२९ विमानं टोकियोवर गेली, तेव्हा याच वाऱ्याने त्यांचे बॉम्ब निशाण्यापासून भरकटवले.

दिल्लीच्या विमानाने जपानपाशी पकडला तो हाच वारा. आणि परतताना? तेव्हाही ते पूर्वेकडेच, अटलांटिकवरून आलं. म्हणजे जाऊन-येऊन अख्खी पृथ्वीप्रदक्षिणा आणि दोन्ही वेळा वारा पाठीशी.

हा झोत रोज जागा बदलतो, हिवाळ्यात जोर धरतो. म्हणून उड्डाणाआधी वाऱ्याचे नकाशे पाहून वाट आखतात. मुलीकडे जाल तेव्हा समोरच्या पडद्यावर ‘ग्राउंड स्पीड’चा आकडा बघत राहा. तो हजाराच्या वर गेला, की समजा ओइशींचा वारा लागला. ध्रुवाचं पुढच्या आठवड्यात, नक्की. तोवर आणखी असा प्रश्न आला नाही तर.