स्वस्त आहे, पण का? आउटलेट मॉलची गोष्ट



दिवाळी जवळ आली की आपल्या ओळखीतल्या काकू-मावश्या अमेरिकेतल्या लेकीकडून, मुलाकडून सहा महिने राहून परत येतात. मग बॅगा उघडतात. चॉकलेटं निघतात, पर्स निघते, नातवंडांसाठी टी-शर्ट निघतात. आणि ठरलेलं वाक्य येतं, "आउटलेटमधून घेतलं गं, निम्म्या किमतीत पडलं!" यंदा मात्र आमच्या शेजारच्या काकू म्हणाल्या, "आउटलेटला गेलोच नाही. लेक म्हणाली, आई, दीड तास गाडी चालवत जायचं आणि तिथली अर्धी दुकानं आता बंद. कशाला जायचं?" मागच्या खेपेला त्यांनी तिथूनच आणलेला टी-शर्ट आम्ही उलटून पाहिला. आत चिठ्ठी होती, 'मेड इन इंडिया'. आम्ही सगळ्या हसलो. पण त्या चिठ्ठीतच आउटलेटची निम्मी गोष्ट आहे. आज तीच सांगतो.

आउटलेट म्हणजे मुळात काय? आपल्याकडे कापडगिरण्या जोरात होत्या तेव्हा गिरणीच्या दुकानात कटपीस मिळायचा. कुठे विणीत दोष, कुठे रंग कमीजास्त, कुठे ताग्याचा उरलेला तुकडा. दोष डोळ्यांना दिसायचा म्हणून भाव कमी, आणि भाव कमी म्हणून आपली आई-आजी तिथे जायची. अमेरिकेतही तेच होतं. तिथल्या कारखान्यांनी आधी आपल्याच कामगारांना दोषाचा आणि उरलेला माल स्वस्तात द्यायला सुरुवात केली. पुढे ते दार गावातल्या लोकांसाठीही उघडलं.

या गोष्टीतलं मोठं गाव म्हणजे पेनसिल्व्हेनिया राज्यातलं रेडिंग. त्याच्या अगदी लागून बर्कशायर निटिंग मिल्स नावाची गिरणी होती. बायकांचे लांब पायमोजे विणणाऱ्या जगातल्या सर्वांत मोठ्या गिरण्यांत तिची गणना व्हायची. हजारो माणसं तिथे काम करत. पुढे बिनशिवणीच्या मोज्यांची फॅशन आली, जुन्या पद्धतीच्या मोज्यांना गिऱ्हाईक उरलं नाही आणि गिरणीला उतरती कळा लागली. १९६९ मध्ये ती व्हीएफ या कंपनीने घेतली. ही कंपनीही रेडिंगचीच. १८९९ मध्ये हातमोजे बनवण्यापासून तिची सुरुवात झाली होती. १९७० नंतरच्या दशकात गिरणीची यंत्रं थांबली, पण इमारती रिकाम्या राहिल्या नाहीत. तिथे कंपनीने आपल्या मालाचं दुकान थाटलं आणि नंतर इतर कंपन्यांनाही जागा दिली. एकाच आवारात अनेक कंपन्यांचा स्वस्त माल मिळण्याची ही पद्धत इथूनच रुजली असं मानतात. न्यू यॉर्क, फिलाडेल्फियाहून बसगाड्या भरभरून बायका खरेदीला येऊ लागल्या. रेडिंग स्वतःला 'जगाची आउटलेट राजधानी' म्हणवून घेऊ लागलं.

ते पाहून इतरांनीही हा धंदा उचलला. शर्टांच्या व्यवसायातले स्टॅन्ली टँगर यांनी १९८१ मध्ये नॉर्थ कॅरोलिनातल्या बर्लिंग्टन इथे आउटलेटची दुकानं एका ठिकाणी आणली. १९८५ मध्ये न्यू यॉर्क शहराच्या उत्तरेला वुडबरी कॉमन उघडलं. आपल्याकडून गेलेल्या पुष्कळ पाहुण्यांना तिथे हमखास नेतात.

ही ठिकाणं इतकी लांब का, असा प्रश्न तुम्हालाही पडला असेल. एक तर शहराबाहेर जमीन स्वस्त. दुसरं कारण जास्त महत्त्वाचं. या कंपन्यांचा माल शहरातल्या मोठ्या दुकानांत पूर्ण किमतीला विकला जायचा. शेजारीच तो निम्म्या भावात मिळाला तर ते दुकानदार चिडणारच. म्हणून आउटलेट हमरस्त्यावर, तासा-दीड तासाच्या अंतरावर. गिऱ्हाइकालाही वाटायचं, एवढ्या लांब आलोय तर चार पिशव्या भरूनच जाऊ.

मग बिनसलं कुठे?

पहिली गोष्ट, कारखानाच गेला. अमेरिकेतलं कपडे शिवण्याचं काम वर्षानुवर्षं बाहेरच्या देशांत जात राहिलं. कोणत्या देशातून किती कपडे आणायचे यावर पूर्वी कोटा होता. तोही २००५ च्या सुरुवातीला संपला. आता शर्ट बांगलादेशात, व्हिएतनाममध्ये नाहीतर आपल्या तिरुपूरला शिवला जातो. मग रेडिंगच्या दुकानात दोषाचा माल येणार कुठून? दुकानं शेकड्यांनी वाढलेली आणि उरलेला माल मात्र थोडा. तेव्हा अनेक कंपन्यांनी आउटलेटसाठी वेगळा माल बनवून घ्यायला सुरुवात केली. नाव तेच, पण कापड थोडं पातळ, अस्तर नाही, शिलाई कमी. यात बेकायदा काही नाही. पण गिऱ्हाइकाला वाटतं की शहरातल्या दुकानातलीच वस्तू आपल्याला निम्म्यात मिळाली. खरं तर ती वस्तू त्या दुकानात कधी गेलेलीच नसते.

दुसरी गोष्ट, खोडलेली किंमत. अमेरिकेत आपल्यासारखी वेष्टनावर एमआरपी छापायची सक्ती नाही. चिठ्ठीवर शंभर डॉलर लिहून त्यावर काट मारली आणि खाली चाळीस लिहिले, की साठ डॉलर वाचल्याचा आनंद होतो. पण शंभरला ती कुणी कधी विकलीच नसेल तर वाचलं काय? तिथल्या फेडरल ट्रेड कमिशनच्या मार्गदर्शक नियमांत सांगितलं आहे की, जुनी किंमत दाखवायची तर त्या किमतीला वस्तू खरोखर, पुरेसे दिवस विक्रीला असली पाहिजे. २०१४ च्या जानेवारीत अमेरिकी संसदेतल्या चार सदस्यांनी याच कमिशनला पत्र लिहून आउटलेटमधल्या किमतींच्या चिठ्ठ्यांची चौकशी करा, अशी मागणी केली. गिऱ्हाइकांनी काही कंपन्यांना कोर्टातही खेचलं.

तिसरी गोष्ट, स्वस्ताई घराजवळ आली. टी.जे. मॅक्ससारखी दुकानं मोठ्या कंपन्यांचा उरलेला माल विकत घेतात आणि गावातच कमी भावात विकतात. ती १९७७ पासून आहेत आणि पसरतच गेली. त्यात ऑनलाइन खरेदी आली. कंपन्यांच्या स्वतःच्या वेबसाइटवर आज एक सूट, उद्या दुसरी. मग पेट्रोल जाळून, रविवार घालवून कोण जाणार? शेवटी २०२० मध्ये कोरोना आला आणि आधीच धापा टाकणारी कितीतरी ठिकाणं आणखी खिळखिळी झाली.

रेडिंगचं ते मूळ आउटलेटही २०२० मध्ये बंद झालं. आता गिरणीच्या त्या आवारात कार्यालयं आली आहेत. एकाच इमारतीतून आधी गिरणी गेली आणि मग गिरणीच्या नावावर चालणारी दुकानंही गेली. मुंबईच्या गिरणगावातल्या आपल्या मैत्रिणींना हे वेगळं समजावून सांगायला नको.

अर्थात सगळीच आउटलेट संपली असं नाही. वुडबरी कॉमनसारखी मोठी, पर्यटकांच्या वाटेवरची ठिकाणं आजही गजबजलेली असतात. मोडली ती बरीचशी लहान, आडबाजूची. तिथे फक्त स्वस्ताईसाठी लोक जायचे, आणि ती स्वस्ताई खरी आहे का, याचीच शंका येऊ लागली.

आम्हाला यातून एवढंच कळलं की कटपीस स्वस्त होता, कारण त्याचं कारण दिसत होतं. दुकानदारही सांगायचा, "ताई, इथे डाग आहे बघा." आता दोष दाखवत नाहीत, फक्त सूट दाखवतात. आणि हे काही अमेरिकेपुरतं नाही. आपल्याही महामार्गावर, तालुक्याच्या गावात 'फॅक्टरी आउटलेट' आणि 'सत्तर टक्के सूट' अशा पाट्या दिसतात. आपल्याकडे एमआरपी छापलेली असते, पण तीच फुगवून ठेवली तर सुटीला काय अर्थ?

म्हणून खरेदीला गेलात की 'हे स्वस्त का?' असं थेट विचारा. जुना माल आहे, साइज उरलाय, दोष आहे, असं काही सरळ उत्तर मिळालं तर बरं. नुसतं 'ऑफर आहे ताई' म्हणाले तर कपडा उलटा करून शिवण बघा, अस्तर बघा, चेन दोनदा लावून बघा. खोडलेली किंमत हाताने झाका आणि उरलेल्या किमतीला ही वस्तू आपण घेतली असती का, ते मनाला विचारा. जाण्यायेण्याचा खर्चही त्यात धरा. आणि फसवणूक झाली असं वाटलं तर बिल जपून ठेवा आणि राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर फोन करा.

काकूंचा तो टी-शर्ट, बरं का, दोन धुण्यांतच सैल झाला. काकू म्हणतात, "पुढच्या वेळी लेकीला सांगणार आहे, कपडे राहू देत, चॉकलेटंच आणू."