विझायला शिकलेला कागद

पारावर गप्पा रंगल्या की बिडी विझते. बोलणारा मध्येच थांबतो, हातातल्या विझलेल्या थोटकाकडे जरा रागाने बघतो, खिशातून काडेपेटी काढतो आणि पुन्हा शिलगावतो. एका बिडीला दोन-तीन काड्या सहज जातात. सिगारेटचं तसं नाही. ॲश-ट्रेच्या खाचेत ठेवून विसरलात तरी ती गुपचूप जळत राहते आणि मागे राखेचा एक अख्खा, वाकलेला दांडा ठेवते.

तंबाखू दोन्हींत आहे. फरक आहे तो वेष्टनाचा. तेंदूच्या पानातून हवा जवळजवळ जातच नाही, त्यामुळे ओढणाऱ्याने झुरका घेतला नाही तर निखाऱ्याला प्राणवायू मिळत नाही. सिगारेटचा कागद मात्र स्वतःच श्वास घेतो. हा श्वास किती मोठा असावा, कुठे मोकळा आणि कुठे कोंडलेला असावा, हे ठरवण्यात विसाव्या शतकातल्या रसायनशास्त्रज्ञांनी, कागद गिरण्यांनी आणि पुढे कायदेमंडळांनीही बरीच वर्षं घालवली. सिगारेटबद्दल बोलताना तंबाखूवर बोललं जातं, फिल्टरवर बोललं जातं. कागदाकडे लक्ष जात नाही. तो पांढरा असतो आणि जळून जातो, एवढंच आपल्याला माहीत असतं.

एका सिगारेटला लागणारा कागद म्हणजे सुमारे ६ सेंटिमीटर लांब आणि २७ मिलिमीटर रुंद पट्टी. वजन जेमतेम ४० मिलिग्रॅम. झेरॉक्सचा कागद दर चौरस मीटरला ७०-८० ग्रॅम भरतो, हा २५ च्या आसपास. एवढा पातळ कागद सिगारेट बनवणाऱ्या यंत्रात रिळावरून किती वेगाने सुटतो? यंत्र मिनिटाला १०,००० सिगारेटी वळत असेल, तर मिनिटाला ६०० मीटर. तेवढ्या ओढीला तो तुटता कामा नये, आणि तरी त्याच्या अंगाला भोकं हवीत. कागदवाल्यांची सगळी कारागिरी या दोन मागण्यांच्या भांडणातून आलेली आहे.

पातळ असूनही मजबूत कागद हवा म्हणून त्यात लांब, चिवट धागा घालतात. हा धागा पूर्वापार आला तो फ्लॅक्सचा किंवा हेंपचा. फ्लॅक्स म्हणजे दुसरं काही नाही, आपला जवस. विदर्भात जवस पिकतो तो तेलासाठी आणि चटणीसाठी. युरोपात त्याच कुळातल्या उंच झाडाच्या वाखापासून लिनन विणतात आणि जुन्या लिननच्या चिंध्यांपासून सिगारेटचा कागद बनत असे. या कागदात फ्रान्सचा दबदबा होता. रिझला हे सिगारेटच्या कागदाचं प्रसिद्ध नावसुद्धा ‘री’ म्हणजे फ्रेंचमधला तांदूळ आणि ‘लाक्र्वा’ हे मालकाचं आडनाव यांच्या जोडीतून आलेलं. अमेरिकेतल्या सिगारेटी दुसऱ्या महायुद्धापर्यंत प्रामुख्याने फ्रेंच कागदात वळल्या जात. युद्धात समुद्रमार्ग बंद झाला तर काय, या धास्तीतून हॅरी स्ट्राउस या जर्मनीहून आलेल्या उद्योजकाने नॉर्थ कॅरोलायनाच्या डोंगरात, पिसगा फॉरेस्ट इथे, एकुस्टा नावाची गिरणी उभी केली. चिंध्यांऐवजी त्याने वापरली तेलबियांच्या जवसाची काडं, जी शेतकरी एरवी जाळून टाकत. गिरणी सुरू झाली १९३९ च्या सप्टेंबरमध्ये, म्हणजे नेमकी युद्धाला तोंड फुटत होतं तेव्हा. व्यापारात असं नशीब क्वचित लाभतं. भारतात हे काम हुगळीकाठच्या त्रिवेणी टिश्यूज या गिरणीने केलं. १९९० मध्ये ती आयटीसीत विलीन झाली.

लगद्यात दुसरी महत्त्वाची गोष्ट पडते ती खडू. कॅल्शियम कार्बोनेटची, एक-दोन मायक्रॉनची पूड. कागदाच्या वजनाचा पाव ते तिसरा हिस्सा हा खडूच असतो. त्याने कागद दुधासारखा पांढरा दिसतो आणि आतली तपकिरी तंबाखू झाकली जाते. पण खरी करामत वेगळी. खडूचे कण धाग्यांना एकमेकांना घट्ट चिकटू देत नाहीत, आणि राहिलेल्या फटींतून हवा वाहते. धागा किती कुटायचा, खडूचा स्फटिक कोणत्या आकाराचा घ्यायचा, यावर फटी कमी-जास्त होतात. त्याहून जास्त हवा हवी असेल तर तयार कागदातून विजेच्या ठिणग्या उडवून डोळ्यांना न दिसणारी छिद्रं पाडतात.

तिसरी गोष्ट म्हणजे सायट्रेट. लिंबूसत्त्वाचे सोडियम किंवा पोटॅशियमचे क्षार. यांचा हात फिरवला की कागद एकसारखा आणि जलद जळतो. मेख लक्षात येते का पाहा: सिगारेट लवकर जळाली की तिच्यातून मिळणारे झुरकेच कमी होतात. झुरके कमी, म्हणून ‘दर सिगारेटमागे’ टार, म्हणजे धुरातला चिकट अंश, तोही कमी. तंबाखूच्या पानाला बोट न लावता आकडा खाली आला.

हवा मोजायला माप लागतं, आणि या धंद्यात ते माप ‘कोरेस्टा’ नावाने ओळखलं जातं. कोरेस्टा ही १९५६ मध्ये स्थापन झालेली, पॅरिसमध्ये मुख्यालय असलेली तंबाखू संशोधनाची आंतरराष्ट्रीय संघटना. कागदाच्या एक चौरस सेंटिमीटर तुकड्यावर एक किलोपास्कल दाब ठेवायचा, म्हणजे साधारण १० सेंटिमीटर उंचीच्या पाण्याचा, आणि मिनिटाला किती घन सेंटिमीटर हवा आरपार जाते ते मोजायचं. ५० घन सेंटिमीटर गेली तर कागद ५० कोरेस्टाचा. गिरणीत ग्राहक कागद मागतो तो रंगावर नाही, या आकड्यावर.

आता धुराकडे येऊ. झुरक्याच्या वेळी निखारा ९०० अंश सेल्सिअसच्या आसपास तापतो. त्याच्या लगेच मागे एक पट्टा असतो जिथे उष्णता भरपूर, पण प्राणवायू जवळजवळ संपलेला. तंबाखू तिथे धड जळत नाही, करपते, शिजते, उकळते. धुरातला बराचसा मसाला तिथेच तयार होतो. ब्रिटिश अमेरिकन टोबॅकोचा शास्त्रज्ञ रिचर्ड बेकर याने जळत्या सिगारेटच्या पोटातल्या तापमानाचा नकाशा १९७४ मध्ये ‘नेचर’मध्ये प्रसिद्ध केला आणि पुढची कित्येक वर्षं वायू कुठून आत येतात, कुठून बाहेर जातात याचा पिच्छा पुरवला.

या मागच्या पट्ट्यातून धूर तोंडाकडे निघाला की वाटेत अजून न जळलेला कागद लागतो, आणि तिथे दोन गोष्टी घडतात. कागदातून बाहेरची हवा आत शिरते, धूर पातळ होतो, आणि तोंडाने ओढलेल्या झुरक्यातला काही भाग कागदातूनच आल्यामुळे निखाऱ्यातून तेवढी कमी हवा ओढली जाते. दुसरी गोष्ट अधिक रंजक. कार्बन मोनॉक्साईडचा रेणू चिमुकला आणि चपळ. तो छिद्रांतून सरळ बाहेर निसटतो. टारचे थेंब त्याच्या मानाने अगडबंब, ते निसटू शकत नाहीत. म्हणजे कागद धूर नुसता पातळ करत नाही, तो निवड करतो. सच्छिद्र कागदाच्या सिगारेटमध्ये टारच्या तुलनेत कार्बन मोनॉक्साईड जास्त घटतो तो म्हणून. भौतिकशास्त्राचा इतका देखणा नमुना इतक्या भिकार कामाला जुंपलेला पाहिला की हळहळ वाटते.

काम भिकार का, ते आकड्यांत आहे. १९५३ मध्ये वाइंडर, ग्रॅहम आणि क्रोनिंगर यांनी सिगारेटचं टार उंदरांच्या पाठीवर लावून कर्करोग होतो हे दाखवलं आणि अमेरिकेत घबराट उडाली. कंपन्यांनी उत्तर दिलं ते रचनेतून: फिल्टर, फुगवलेली तंबाखू, फिल्टरभोवतीच्या कागदावर छिद्रांची वर्तुळं आणि सच्छिद्र वेष्टन. १९६० च्या सुमारास सेलम या सिगारेटच्या जाहिराती तर चक्क कागदाचंच कौतुक करत होत्या: नवा, जास्त छिद्रांचा कागद म्हणे प्रत्येक झुरका हवेने मऊ करतो. छिद्रं विकायला काढायची कल्पना आपल्याकडे फक्त जाळीच्या बनियनवाल्यांना सुचली असावी.

१९६७ पासून अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने यंत्राने सिगारेटी ओढून टारचे आकडे काढायला सुरुवात केली. यंत्राचा झुरका ठरलेला: ३५ मिलिलिटर, २ सेकंद, मिनिटाला एक. हा झुरका १९३६ च्या एका तांत्रिक निबंधातून उचललेला. यंत्राला तलफ येत नाही. समोरच्याशी भांडण झालं म्हणून ते जोरात ओढत नाही. त्याची बोटं फिल्टरवरच्या छिद्रांवर पडत नाहीत. अशा या गुणी यंत्राच्या हिशेबाने अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या सिगारेटींचं सरासरी टार १९५४ मधल्या सुमारे ३८ मिलिग्रॅमवरून १९९० च्या दशकात १२ मिलिग्रॅमवर आलं.

माणसाचं शरीर मात्र निकोटिनचा हिशेब स्वतः ठेवतं. धूर पातळ लागला की माणूस नकळत मोठा झुरका घेतो, जास्त वेळा घेतो, छातीत खोल ओढतो. नील बेनोविट्झ आणि सहकाऱ्यांनी १९८३ मध्ये धूम्रपान करणाऱ्यांच्या रक्तातलं कोटिनिन, म्हणजे निकोटिनचा शरीरात उरणारा माग, मोजला; कमी निकोटिनच्या म्हणून विकलेल्या सिगारेटी ओढणाऱ्यांच्या शरीरात निकोटिन काही कमी जात नव्हतं. कागदाची निवडकपणाची युक्तीही इथे लंगडी पडते. झुरका जोराचा झाला की धूर कागदाखालून भरकन निघून जातो आणि कार्बन मोनॉक्साईडला छिद्रातून निसटायला पुरेसा वेळच मिळत नाही. २००१ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेने या सगळ्या रचनाबदलांचा जमाखर्च मांडला आणि लोकांच्या आरोग्याला त्यांचा फायदा झाल्याचा पुरावा नाही असा निष्कर्ष काढला. ‘लाइट’, ‘माइल्ड’ हे शब्द युरोपात २००३ पासून आणि अमेरिकेत २०१० पासून पाकिटांवरून गेले.

मग छिद्रं वाईट आणि बंद वेष्टन बरं, असं कुणी म्हणेल. त्याचं उत्तर बिडीत आहे. १९७४ मध्ये डिट्रिख हॉफमन, मुंबईच्या कॅन्सर रिसर्च इन्स्टिट्यूटचे एल. डी. संघवी आणि तोच, उंदरांवर टार लावणारा, अर्नेस्ट वाइंडर या तिघांनी बिडीच्या आणि अमेरिकन सिगारेटच्या धुराची तुलना केली. बिडीत तंबाखू कितीतरी कमी. तरी कार्बन मोनॉक्साईड, हायड्रोजन सायनाइड, अमोनिया, फिनॉल यांचं प्रमाण तिच्या धुरात जास्त भरलं. तेंदूचं पान वायूंना निसटू देत नाही, आणि बिडी विझू नये म्हणून घाईघाईने झुरके घ्यावे लागतात. नाशिकच्या सिन्नरात किंवा सोलापुरात बिड्या वळणाऱ्या बायकांच्या बोटांतून जाणारं पान तेवढं निसर्गाचं, म्हणून धूरही साधा, ही समजूत अजून पुष्कळांच्या डोक्यात आहे.

कागदाच्या गोष्टीला खरं वळण मिळालं ते आगीमुळे. सोफ्याच्या फटीत पडलेली सिगारेट तासाभराने घर पेटवते, कारण सच्छिद्र, सायट्रेट लावलेला कागद तिला विझू देत नाही. १९२९ मध्येच मॅसॅच्युसेट्सच्या खासदार एडिथ नॉर्स रॉजर्स यांनी आपोआप विझणारी सिगारेट हवी अशी मागणी केली होती. १९७९ मध्ये त्याच राज्यातल्या वेस्टवुड गावी अशाच आगीत आईवडील आणि पाच मुलं, अख्खं कुटुंब गेलं. तिथले खासदार जो मोकली यांनी मग विधेयकामागून विधेयक आणलं. कंपन्या सांगत राहिल्या की अशी सिगारेट जमण्यासारखी नाही. फिलिप मॉरिस या सिगारेट कंपनीच्या आत मात्र १९८० च्या दशकात यावर एक प्रकल्प चालू होता आणि त्याचं नाव होतं ‘हॅम्लेट’. जळावं की न जळावं! प्रयोगशाळेतही विनोदबुद्धी असते, फक्त ती कुठे खर्च होते हे पाहावं.

उपाय निघाला तो पुन्हा छिद्रांतूनच, पण उलट दिशेने. कागदावर ठरावीक अंतराने काही मिलिमीटर रुंदीचे आडवे पट्टे स्टार्चसारख्या लेपाने छापायचे आणि तेवढ्या जागेतली छिद्रं बुजवायची. रस्त्यावरच्या गतिरोधकासारखे. झुरका चालू असेल तर निखारा पट्टा ओलांडून जातो. सिगारेट तशीच पडून राहिली तर पट्ट्यापाशी प्राणवायू अपुरा पडतो आणि ती विझते. २८ जून २००४ ला न्यूयॉर्क राज्यात हा नियम लागू झाला, पुढच्या वर्षी कॅनडात देशभर आणि नोव्हेंबर २०११ मध्ये युरोपीय संघात. असा कागद उजेडासमोर धरला तर पट्टे दिसतात. हार्वर्डच्या संशोधकांनी २००५ मध्ये न्यूयॉर्कच्या सिगारेटींचा धूर तपासला तेव्हा तो एकंदर आधीसारखाच विषारी निघाला, मात्र कार्बन मोनॉक्साईड थोडा वाढलेला. ओढणारे वैतागले. बोलता बोलता सिगारेट विझते, पुन्हा पेटवावी लागते, ही त्यांची तक्रार. आपल्या पारावरच्या माणसाला तिचं नवल वाटलं नसतं.

नियम पाळला जातो की नाही हे बघणारी चाचणी अमेरिकेच्या राष्ट्रीय मानक संस्थेने तयार केली. इथे ओढणारं यंत्र नाही. झुळूक लागू नये म्हणून एक पारदर्शक पेटी, आत गाळण कागदाचे १० थर, त्यावर पेटवलेली सिगारेट आडवी ठेवलेली. धूर सरळ वर चढतो. निखारा हळूहळू पहिल्या पट्ट्यापाशी येतो आणि पेटीबाहेरचा माणूस ती विझते का ते बघत बसतो. मग दुसरी सिगारेट. अशा ४०, आणि त्यांतल्या शेवटपर्यंत जळणाऱ्या १० पेक्षा जास्त चालत नाहीत.