पस्तिशीतल्या इंजिनिअरने राजीनाम्याआधी मांडायचा हिशेब

"जय भीम ताई, नोकरी सोडावी म्हणतोय." वस्तीतल्या अभ्यासिकेत काम करताना हे वाक्य मला अलीकडे वरचेवर ऐकू येते. बोलणारा बहुतेक वेळा घरातला पहिला इंजिनिअर असतो. वय 33-35, पुण्यात किंवा नवी मुंबईत नोकरी, दिवसभर संगणकावर ड्रॉइंग नाहीतर एक्सेलचे तक्ते. त्याच पगारावर घराचा हप्ता, धाकट्या बहिणीची फी आणि आईवडिलांची औषधे चालतात. अशा मुलाला "मनाला वाटेल ते कर" सांगणे सोपे आहे, पण जबाबदारीचे नाही. "गप्प बस, नोकरी आहे ना" म्हणणेही बरोबर नाही. मधला मार्ग हिशेबाचा आहे.

कंटाळा नेमका कशाचा?

साहेबाचा किंवा ऑफिसातल्या वागणुकीचा कंटाळा असेल तर कंपनी बदलून बघावी. एका जागी बसण्याचा असेल तर साइट, गुणवत्ता तपासणी किंवा तंत्रनिकेतनात शिकवणे हे मार्ग आहेत. कामच नकोसे झाले असेल, तरच क्षेत्र बदलण्याचा विचार करावा.

पदवी वाया जात नाही

पेटंट कायदा 1970 नुसार पेटंट एजंट होण्यासाठी विज्ञान किंवा अभियांत्रिकीची पदवी आणि परीक्षा उत्तीर्ण होणे लागते. वकील असणे बंधनकारक नाही. कोणत्याही पदवीनंतर एलएलबी 3 वर्षांत होते, मात्र हजेरी सक्तीची असल्याने नोकरी सांभाळून जमेल असे गृहीत धरू नये. समाजशास्त्रात एम.ए. इग्नूमधून दूरशिक्षणाने करता येते.

यूपीएससीच्या नागरी सेवा परीक्षेत अनुसूचित जातींच्या उमेदवारांना 37 वर्षांपर्यंत, तर एमपीएससीच्या राज्यसेवेत मागासवर्गीयांना 43 वर्षांपर्यंत संधी असते. पण वय शिल्लक आहे म्हणजे पैसा शिल्लक आहे, असे नव्हे.

माझ्या क्षेत्राबद्दलही स्पष्ट सांगते. समाजकार्यात समाधान आहे, पण अनेक नोकऱ्या प्रकल्पापुरत्या असतात. प्रकल्प संपला की पगार थांबतो.

हातातून काय जाईल?

कायम नोकरीत सलग 5 वर्षे झाल्यावर ग्रॅच्युइटीचा हक्क मिळतो. दर वर्षामागे साधारण 15 दिवसांचे वेतन, असा तिचा हिशेब असतो. पाचवे वर्ष पूर्ण व्हायला थोडे महिने उरले असतील तर थांबलेले बरे.

पीएफची रक्कम 5 वर्षांच्या सेवेआधी काढली तर सहसा कर लागतो. मासिक पेन्शनसाठी 10 वर्षांची सेवा लागते. पुढच्या नोकरीत पीएफ असेल तर खाते तिकडे वळवा, मोडू नका.

कंपनीचा आरोग्य विमा राजीनाम्याबरोबर संपतो आणि त्यात बहुधा आईवडीलही असतात. म्हणून कुटुंबाची स्वतंत्र पॉलिसी आधी घ्या, राजीनामा नंतर द्या.

सहा महिन्यांची तालीम

नव्या कामात जेवढे पैसे मिळण्याची शक्यता आहे, तेवढ्यातच सहा महिने घर चालवून पहा. उरलेला पगार वेगळ्या खात्यात ठेवा. घर चालले तर हिंमत येते आणि गाठीला रक्कमही जमते. नाही चालले तर ते नोकरी हातात असतानाच कळते. शनिवार-रविवारी नव्या क्षेत्रातल्या एखाद्या माणसाबरोबर प्रत्यक्ष काम करून पहा. लांबून दिसणारे काम आणि रोज करावे लागणारे काम यांत फरक असतो.

या तालमीत घरच्यांना पहिल्या दिवसापासून सामील करून घ्या. लंडनमधले अपुरे शिक्षण पूर्ण करण्यासाठी बाबासाहेबांनी 1918 मध्ये सिडनहॅम महाविद्यालयात प्राध्यापकी धरली, पगारातून बचत केली आणि 1920 मध्ये ते लंडनला गेले. त्या बचतीला राजर्षी शाहू महाराजांची मदत आणि मित्र नवल भथेना यांच्याकडून घेतलेले कर्ज यांची जोड होती. मागे रमाईंनी काटकसरीने घर चालवले. तुमच्या निर्णयाचा भारही घरातले कोणीतरी उचलणार आहे. त्या माणसाला आकडे दाखवा, त्याचे म्हणणे ऐका आणि मगच राजीनामा लिहा.