गोल्फ ट्रॉली घेण्याआधी गाडीची डिकी उघडून बघा

ब्रिटनमध्ये गोल्फ हा अजूनही चालत खेळायचा खेळ आहे. लेस्टर, स्लाउ किंवा मिल्टन कीन्सच्या आसपासच्या एखाद्या क्लबवर शनिवारी सकाळी गेलात तर बहुतेक मंडळी पायी निघालेली दिसतात, आणि त्यांच्यापुढे बॅग घेतलेली तीन चाकी गाडी स्वतःच्या मोटारीवर चाललेली असते. पॉवाकॅडी 1983 पासून आणि मोटोकॅडी 2004 पासून अशा ट्रॉल्या विकत आहेत. बसून फिरायची बग्गी वेगळी. इथे गाडी फक्त बॅग वाहते, चालायचे आपणच.

या देशात राहणारे मराठी लोकही चाळिशी-पन्नाशीत या खेळाकडे वळताना दिसतात. क्लब विकत घेताना ते महिनाभर चौकशी करतात, ट्रॉली मात्र दुकानातल्या गुळगुळीत फरशीवर दोन फेऱ्या मारून घेऊन येतात. फरशीवर प्रत्येक ट्रॉली चांगलीच चालते. खरी परीक्षा जानेवारीतल्या चिखलात आणि पार्किंगमध्ये असते. तिथे फसगत होते ती काही पक्क्या समजुतींमुळे, म्हणून त्या नीट तपासायला हव्यात.

“इलेक्ट्रिक ट्रॉली घेतली की व्यायाम संपला”

हा समज सगळ्यात चिवट आहे. पन्नाशीतला माणूसही ‘मी अजून म्हातारा झालेलो नाही’ म्हणत खांद्यावर चौदा-पंधरा किलोंची बॅग टाकतो आणि दोन वर्षांनी पाठीच्या डॉक्टरांकडे जातो. अमेरिकेत कोलोरॅडोमधले संशोधक नील वोल्कोडॉफ यांनी नऊ होल खेळताना किती उष्मांक खर्च होतात ते मोजले होते. बॅग खांद्यावर घेऊन 721, हाताने ढकलायची ट्रॉली घेऊन 718, कॅडीकडे बॅग देऊन नुसते चालत 613 आणि बग्गीत बसून 411. खेळाडू मोजकेच होते, त्यामुळे आकड्यांना अंतिम मानू नये, पण त्यांचा कल स्पष्ट आहे. इलेक्ट्रिक ट्रॉलीवाल्याची अवस्था कॅडीसोबत चालणाऱ्यासारखी असते: बॅग दुसरे कोणीतरी नेते, पाय आपलेच चालतात. म्हणजे खांद्यावर ओझे नेणाऱ्याच्या मानाने व्यायाम थोडा कमी होतो, बसून फिरणाऱ्याच्या मानाने बराच जास्त. अठरा होलांत आठ ते दहा किलोमीटर चालणे होते आणि शरीराला फायदा मुख्यतः त्याचा आहे. पाठदुखीमुळे खेळ सुटला तर तो सगळाच फायदा जातो. पाठ कुरकुरू लागण्याआधीच ट्रॉली घ्यावी, असे माझे ठाम मत आहे.

“ट्रॉली घेतली की उचलण्याचा त्रास मिटला”

कोर्सवरचा मिटला, पार्किंगमधला वाढला. या मुद्द्यावर मी थोडा जास्त वेळ थांबणार आहे, कारण विकणारा तो क्वचितच काढतो.

मोटार असलेली ट्रॉली बॅटरीशिवाय साधारण दहा किलोंची असते, काही दूरनियंत्रित ट्रॉल्या त्याहून बऱ्याच जड. साधी ढकलायची ट्रॉली सात किलोंच्या आसपास. म्हणजे दर फेरीला दोनदा, खेळण्याआधी आणि खेळून दमल्यावर, आपण वाकून आधीपेक्षा जास्त वजन डिकीच्या काठावरून आत-बाहेर करतो. ज्याची कंबर धरते त्याला त्रास नेमका याच हालचालीने होतो. म्हणून दुकानात हँडल धरून चालण्याआधी ट्रॉली घडी करा, दोन्ही हातांनी उचला आणि गुडघ्यापासून कमरेपर्यंत आणा. शक्य असेल तर आपलीच गाडी घेऊन जा, डिकी उघडा, आपली बॅग आत ठेवा आणि मग ट्रॉली बसवून बघा. कागदावरच्या मापांत चाके धरलेली असतात की नाही, हे प्रत्येक कंपनीचे वेगळे असते. छोट्या हॅचबॅकमध्ये चाके काढल्याशिवाय ट्रॉली बसत नसेल तर पावसात, चिखलाने माखलेल्या हातांनी, दर आठवड्याला ती काढावी लागणार. बॅटरी आधी वेगळी उचलता येते का, तेही पाहा. एका मोठ्या वजनापेक्षा दोन छोटी वजने पाठीला केव्हाही बरी.

जुनी शिसे-आम्लाची बॅटरी एकटीच दहा किलोंच्या घरात जाते. तेवढेच काम करणारी लिथियमची अडीच-तीन किलोंची असते. ‘शिशाची स्वस्त पडते’ हे फक्त पहिल्या दिवशी खरे असते. तिला खेळून आल्यावर लगेच चार्ज करावे लागते, रिकामी ठेवली की आतल्या पट्ट्यांवर सल्फेट साचून तिची ताकद कायमची घटते, आणि ती बदलायची वेळ लवकर येते. ज्याला पाठीसाठी ट्रॉली हवी आहे त्याने शिशाची बॅटरी घेऊ नये.

“आमचा कोर्स डोंगराळ आहे, म्हणून जास्त वॅटची मोटार हवी”

थोडे गणित करू. ट्रॉली, बॅटरी आणि बॅग मिळून 27 किलो धरा. पाचास एक असा चांगलाच उभा चढ, आणि आपण तासाला पाच किलोमीटरच्या आसपास चालतो आहोत. हे वजन वर खेचायला सुमारे 70 वॅट लागतात. गवताचा विरोध वजनाच्या दहाव्या हिश्श्याइतका मानला तर आणखी 35-40 वॅट. बाजारातल्या बहुतेक मोटारी 200 वॅटच्या आसपासच्या असतात. त्यामुळे चढ चढण्याची ताकद जवळपास सगळ्यांतच असते.

आता बॅटरी. दिवसभरात एकूण 100 मीटर चढ चढलो तर तेवढे वजन उचलण्याची ऊर्जा जेमतेम सात वॅट-तास होते. मोटारीत वाया जाते ती धरून तिची दुप्पट-तिप्पट करा, तरी वीसच्या आसपास. याउलट आठ किलोमीटर गवतातून चाके ओढायला, त्याच हिशेबाने, साठेक वॅट-तास चाकांपाशी पोहोचावे लागतात, आणि मोटारीतली घट धरली तर शंभरच्या वर जातात. गवत ओले आणि लांब असेल तर विरोध आणखी वाढतो. बॅटरी संपवतो तो ओला फेअरवे, टेकडी नव्हे. सपाट पण पाणथळ कोर्सवर खेळणाऱ्याला मोठ्या बॅटरीची गरज जास्त असते.

डोंगराळ कोर्सवर खरी अडचण उतारावर येते. ट्रॉली पुढे पळू लागते आणि आपण मनगटाने तिला मागे खेचत राहतो. उतार लागताच आपोआप वेग धरून ठेवणारी यंत्रणा हवी, आणि उतारावर उभी केल्यावर जागची न हलणारी पार्किंग ब्रेकची सोयही. ज्याचे गुडघे किंवा मनगटे दुखतात त्याने जीपीएसच्या पडद्यावरच्या नकाशाचे पैसे वाचवून या ब्रेकवर खर्च करावेत. आडव्या उतारावर ट्रॉली कलंडू नये म्हणून मागची दोन चाके एकमेकांपासून लांब असलेली बरी.

बॅटऱ्यांची तुलना करताना लोक फक्त ॲम्पिअर-तास बघतात, ती मोठीच चूक. 12.8 व्होल्टची 20 ॲम्पिअर-तासांची बॅटरी आणि 28 व्होल्टची 9 ॲम्पिअर-तासांची बॅटरी समोर ठेवली तर पहिली दुपटीहून मोठी वाटते. दोन्ही आकड्यांचा गुणाकार केला की पहिलीत 256 वॅट-तास निघतात आणि दुसरीत 252. फरक जवळजवळ शून्य. नेहमी वॅट-तास विचारा.

बॅटरीवर ‘18 होल’ लिहिले असेल तर ती नवी असताना, मध्यम बॅगसह, बऱ्या जमिनीवर 18 होल चालते असे समजा. वर्षे जातात तशी तिची क्षमता घटते, आणि थंडीत प्रत्येक दिवशी ती तात्पुरती आणखी कमी होते. आठवड्यातून दोनदा, हिवाळ्यातही खेळणार असाल तर 36 होलवालीच घ्या. ‘पूर्ण संपू दिल्याशिवाय चार्ज करू नये’ हा समज निकेल-कॅडमियमच्या काळातला आहे, लिथियमला तो लागू नाही. लिथियमला खरा धोका वेगळ्याच दोन गोष्टींचा. एक म्हणजे महिनोन् महिने रिकामी पडून राहणे. दुसरा म्हणजे तापमान शून्याखाली असताना चार्ज करणे, ज्याने आतले कोष कायमचे बिघडतात. जानेवारीत बागेतल्या शेडमध्ये चार्जर लावून ठेवण्याची इथे अनेकांना सवय असते. बॅटरी घरात आणा, आणि चार्जर तिच्यासोबत आलेलाच वापरा.

“रिमोटवाली म्हणजे सगळ्यात उत्तम”

ग्लॉस्टरची स्टुअर्ट गोल्फ किंवा ऑस्ट्रेलियाची एमजीआय यांच्या दूरनियंत्रित ट्रॉल्या फारच देखण्या आहेत, यात शंका नाही. मागच्या दोन चाकांना दोन वेगळ्या मोटारी असतात आणि एकीचा वेग कमी-जास्त करून ट्रॉली वळते. काही ट्रॉल्या खिशातल्या रिमोटचा माग काढत आपोआप मागे येतात. ज्याचा खांदा किंवा मनगट खरोखर अधू आहे त्याला ही मोठीच सोय आहे. पण वजन जास्त, किंमतही साध्या इलेक्ट्रिक ट्रॉलीच्या सहज दुप्पट, आणि लक्ष सतत द्यावे लागते: पूल, तळ्याचा काठ, बंकर, ग्रीनचा परिसर, दुसऱ्या खेळाडूंची गर्दी. अशा ठिकाणी हातानेच चालवायला हवी. नवशिक्याचे अर्धे लक्ष ट्रॉलीवर आणि अर्धे खेळावर राहिले तर दोन्ही बिघडतात. सुरुवात हँडलवाल्या ट्रॉलीने करावी, असे मी सुचवीन.

जीपीएसबद्दल उलटाच गैरसमज आहे. पडद्यावर अंतर दिसणारी ट्रॉली स्पर्धेत चालत नाही, असे बरेच जण मानतात. 2019 च्या नियमांपासून अंतर मोजण्याचे साधन वापरायला मुभा आहे, स्पर्धेच्या समितीने स्वतंत्र बंदी घातली नसेल तर. चालत नाही ते चढ-उतार मोजणे. तुमच्या ट्रॉलीत उतार धरून अंतर सांगण्याची सोय असेल तर स्पर्धेत ती बंद ठेवा. पहिल्या चुकीला स्ट्रोक प्लेमध्ये दोन फटक्यांचा दंड, दुसऱ्या चुकीला बाद.

दुसरी जुनी भीती, आपला चेंडू आपल्याच ट्रॉलीला लागला तर दंड होतो ही. 2019 पासून चुकून लागला तर दंड नाही, चेंडू जिथे थांबेल तिथून खेळायचा. मात्र थांबलेल्या चेंडूवर आपली ट्रॉली गेली आणि तो हलला तर, शोधताना किंवा ग्रीनवर घडलेले प्रसंग वगळता, एक फटका दंड होतो आणि चेंडू परत जागेवर ठेवावा लागतो. ट्रॉली आपोआप चालते म्हणून ती आपली जबाबदारी राहत नाही, असे नियम मानत नाहीत.

हिवाळ्यातल्या काटेरी चाकांची गोष्ट थोडक्यात. ती फक्त घसरू नये म्हणून नसतात. ओल्या जमिनीवर भार विभागून गवत वाचवणे हे त्यांचे मुख्य काम, आणि म्हणूनच अनेक क्लब पावसाळी महिन्यांत ती सक्तीची करतात. ट्रॉली घेताना त्या मॉडेलची अशी चाके मिळतात का, एवढे विचारून ठेवा.

ट्रॉली एका बाजूला ओढते म्हणून मोटार बिघडली असे समजून ती परत पाठवणारेही आहेत. बहुतेक वेळा बॅग फिरलेली असते, जड क्लब एकाच बाजूला गेलेले असतात किंवा पुढच्या चाकाची दिशा जरा सरकलेली असते. मोटार फिरते पण चाक फिरत नाही, अशी तक्रार असेल तर चाक आसावरच्या मोकळ्या खाचेत बसवले गेले असण्याची शक्यता जास्त. धुताना मात्र दाबाच्या पाण्याचा फवारा मोटारीवर कधीही मारू नका. ओल्या फडक्याने पुसा, चाके अधूनमधून काढून आस साफ करा.

शेवटी एक प्रश्न जो मराठी घरांत हमखास निघतो: मुलगा इंग्लंडहून पुण्याला येताना वडिलांसाठी ट्रॉली आणू शकतो का? ट्रॉलीचा सांगाडा सामानात येऊ शकतो, बॅटरी बहुधा नाही. प्रवासी विमानात 100 वॅट-तासांपर्यंतची लिथियम बॅटरी हातातल्या सामानात नेता येते, 100 ते 160 पर्यंतची विमान कंपनीच्या परवानगीने, त्यावरची नाही. वर मोजलेल्या दोन्ही बॅटऱ्या 250 च्या पुढच्या आहेत. अपंगांच्या चाकांच्या खुर्चीला मिळणारी सवलत गोल्फ ट्रॉलीला लागू होत नाही. काही कंपन्या प्रवासासाठी लहान बॅटरी विकतात, पण तिच्यावरचे वॅट-तास स्वतः वाचल्याशिवाय विमानतळावर जाऊ नका.

आणि आणलीच तर तिकडे क्लबमध्ये तिचा उपयोग किती, हेही विचारायला हवे. भारतातल्या जुन्या क्लबांत कॅडी घेण्याची पद्धत आहे, काही ठिकाणी तर सक्तीच. 1991 ची इंडियन ओपन जिंकणारे अली शेर दिल्ली गोल्फ क्लबवर कॅडी होते, यावरून या लोकांना खेळ किती कळतो ते समजावे. कॅडी बॅग तर वाहतोच, शिवाय ग्रीनचा उतार वाचतो, झाडीत गेलेला चेंडू शोधतो, वाऱ्याचा अंदाज सांगतो, आणि त्यावर त्याचे घर चालते. वडिलांसाठी काही न्यायचेच असेल तर हलकी बॅग न्या. तिचा फायदा वडिलांना होईल आणि ती उचलणाऱ्या कॅडीलाही.