सिंगापूरची कंपनी, चेन्नईचे दायित्व

चेन्नईच्या गिंडी औद्योगिक वसाहतीतील एक मराठी उद्योजक गेल्या वर्षी सप्टेंबरात आमच्या शाखेत आले. नाव अर्थातच सांगत नाही. यंत्रांचे सुटे भाग विकण्यासाठी त्यांच्या कंपनीने सिंगापुरात संपूर्ण मालकीची एक छोटी कंपनी काढली होती. तेथे गोदाम घेण्यासाठी आता आणखी भांडवल पाठवायचे होते. नोंदी पाहिल्या, तर दोन वर्षांचे वार्षिक कामगिरी अहवाल बँकेकडे आलेलेच नव्हते.

"साहेब, दोन वर्षे तिथे धंदाच झाला नाही, मग अहवाल कसला द्यायचा?" असा त्यांचा सवाल. धंदा नव्हता हे खरे. कंपनी मात्र होती!

सिंगापुरात कंपनीची नोंदणी झटपट होते. तेथील रहिवासी असा किमान एक संचालक लागतो, सहा महिन्यांच्या आत कंपनी सचिव नेमावा लागतो आणि आर्थिक वर्ष संपल्यापासून सात महिन्यांत वार्षिक विवरणपत्र तेथील 'अक्रा' या प्राधिकरणाकडे दाखल करावे लागते. प्राप्तिकराचे विवरणपत्र निराळे. हे सारे तिथला सचिव सांभाळतो आणि मालक इथे निश्चिंत राहतो.

खरी मेख आहे लेखापरीक्षणात. उलाढाल १ कोटी सिंगापूर डॉलर, मालमत्ता तेवढीच आणि कर्मचारी ५०, या तीनपैकी दोन मर्यादांच्या आत असलेल्या खासगी कंपनीस तेथे सर्वसाधारणपणे लेखापरीक्षणातून सूट मिळते. कंपनी समूहातील असल्यास संपूर्ण समूह त्या मर्यादांत बसावा लागतो. आमच्या ग्राहकाने ही सूट घेतली होती आणि त्यात गैर काहीच नव्हते. परंतु 'फेमा'खालील २०२२ च्या विदेशी गुंतवणूक नियमांनुसार, परदेशी कंपनीचे नियंत्रण भारतीय गुंतवणूकदाराकडे असेल, तर कामगिरी अहवाल लेखापरीक्षित हिशेबांवरच आधारलेला हवा. तिथली सूट इथे उपयोगी पडत नाही.

हा अहवाल दरवर्षी ३१ डिसेंबरपर्यंत प्राधिकृत बँकेमार्फत जातो. परदेशी कंपनीचे वर्षच ३१ डिसेंबरला संपत असेल, तर पुढील ३१ डिसेंबरपर्यंत मुदत मिळते. याखेरीज विदेशी दायित्वे व मालमत्ता यांचे विवरणपत्र भारतीय कंपनीने १५ जुलैपर्यंत थेट रिझर्व्ह बँकेस ऑनलाइन सादर करावयाचे असते. या दोहोंची गल्लत फार होते. शिवाय भारतातील निवासी संचालकाच्या वैयक्तिक प्राप्तिकर विवरणपत्रात, केवळ सहीचा अधिकार असलेल्या परदेशी खात्याचीही माहिती मागितली जाते.

कामगिरी अहवालास उशीर झाल्यास प्रत्येक अहवालामागे ७,५०० रुपये विलंब शुल्क भरून, मुदतीपासून तीन वर्षांपर्यंत ती चूक नियमित करून घेता येते. रक्कम जड नाही. जड जाते ती दुसरी अट: विलंब नियमित होईपर्यंत त्या गुंतवणूकदारास परदेशात नवी गुंतवणूक करता येत नाही.

आमच्या ग्राहकाने सिंगापुरात लेखापरीक्षक नेमला, दोन्ही वर्षांचे हिशेब तपासून घेतले आणि १५,००० रुपये भरले. पैसे जानेवारीत रवाना झाले. तोवर पाहून ठेवलेले गोदाम दुसऱ्याच व्यापाऱ्याने घेतले होते.